धुक्यापलीकडचा सातवा भाग

१२ फेब्रुवारी

प्रिय ताई,

तू, भाऊजी आणि मुलं मजेत असाल असं धरून चालते. आम्ही ठीक. ठीक म्हणजे काय ते पुढे लिहिते, आधी एक गंमत सांगू दे.

तीन आठवड्यांपूर्वी एका सकाळी दुकानात काच घासत होते. डोळ्यांच्या नंबराप्रमाणे काच फ्रेमच्या मापाची करायची, कड गुळगुळीत करायची आणि बसवायची, हेच काम मी गेली एकवीस वर्षं करतेय. यंत्राचं पाणी संपलं म्हणून बाहेर आले. शेजारच्या रद्दीवाल्याकडे कुठल्याशा शाळेनं काढून टाकलेल्या पुस्तकांचे गठ्ठे आले होते. एका गठ्ठ्याला सुतळी बांधलेली, आणि सुतळीखालून एक निळसर पुठ्ठा डोकावत होता. त्यावर पांढऱ्या धुक्यात उभी असलेली चार मुलं.

ताई, ‘धुक्यापलीकडे’! आपली मालिका. चौदापैकी अकरा भाग. ‘उलट्या घड्याळाचा मनोरा’ आहे, ‘काचेचा होडीवाला’ आहे, ‘मिठाची दारं’सुद्धा आहे. मी तिथेच पायरीवर बसले. मालक आतून दोनदा हाका मारून गेले म्हणे.

सगळं आठवलं. पडक्या गिरणीच्या मागच्या दारातून धुक्यात शिरायचं आणि पलीकडच्या खोऱ्यात निघायचं. कप्तान, पुस्तकी, चिमणी आणि सगळ्यांत धाकटा टिंगू. तू वाचायचीस आणि मी तुझ्या मांडीवर डोकं ठेवून ऐकायचे. चिमणीचा आवाज तू नाकातून काढायचीस. प्रत्येक भाग संपला की तू त्या खोऱ्याचा नकाशा काढायचीस, नदी, पूल, पहारेकऱ्यांच्या चौक्या सगळं मापात. पुस्तकातल्या नकाशापेक्षा तुझाच बरोबर असायचा.

आता घरचं. तुला हा विषय नको असतो, म्हणून थोडक्यात. आत्या न्हाणीघरात घसरून पडली. खुब्याचं हाड मोडलं, शस्त्रक्रिया झाली. एकोणऐंशीव्या वर्षी जे व्हायचं ते होतंय. झोपून तिला पुस्तक धरवत नाही, म्हणून दुपारी दुकान बंद असतं तेव्हा मी घरी येऊन तिला हेच भाग वाचून दाखवते. व्यायाम शिकवायला बाई येतात. त्यांना आत्या दाद देत नव्हती. आता मी अट घातलीय, दहा वेळा पाय उचलला तरच पुढचं प्रकरण. भांडते, पण उचलते. तिच्या शंकाही ऐकण्यासारख्या असतात. परवा म्हणाली, ‘ही पोरं चार दिवस बेपत्ता आहेत आणि एकाचीही आई शोधायला बाहेर पडत नाही?’ मी म्हटलं, गोष्ट आहे ही. तर म्हणाली, ‘गोष्टीतल्या आया जरा निवांतच दिसतात.’

सध्या चौथ्या भागात आहोत. मला मात्र एका जागी बसवत नाही. वाचताना मध्येच उठते, खिडकी लावते, उघडते. काल एका गिऱ्हाइकाची डावी काच उजवीकडे बसवली. असं माझ्याकडून कधी झालं नव्हतं. वय म्हणायचं, दुसरं काय.

भाऊजींना नमस्कार. उत्तर लिही, फोनवर मला धड बोलता येत नाही.

तुझी,
धाकटी


३ मार्च

प्रिय ताई,

तुझं चार पानी पत्र आठ दिवसांत आलं. इतकं मोठं पत्र तू कित्येक वर्षांत लिहिलं नव्हतंस. पडदे शिवण्याचं काम बाजूला टाकून तू मुलांना गिरणीच्या दाराची गोष्ट सांगत बसलीस, आणि नव्या पडद्याच्या कापडावरच खडूनं खोऱ्याचा नकाशा काढलास, हे वाचून मी दुकानात एकटीच हसले.

मग तिसऱ्या पानावरचं ते वाक्य आलं. ‘त्या घरात माझ्याशी इमानानं वागलेली तू एकटीच.’

ते वाचल्यापासून मी जेवताना उठते, झोपेतून उठते, दुकानातून घरी निघते आणि अर्ध्या वाटेवरून परत फिरते. आज हे पत्र पुरं करून पेटीत टाकल्याशिवाय मी बसणार नाही. खरंच बसलेली नाही, दुकानाच्या काउंटरपाशी उभ्यानं लिहितेय.

आधी आत्याचं सांगते, कारण सगळं तिथूनच निघालं. मागच्या मंगळवारी आम्ही सातव्या भागाला हात घातला. ‘मुक्या पहारेकऱ्याचा किल्ला’. तो टाळून आठवा काढायचा माझा विचार होता. पण आत्यानं गठ्ठ्याकडे बघून विचारलं, ‘सहानंतर आठ कधीपासून यायला लागले?’ मग वाचावाच लागला.

तुला आठवतं का त्यात काय होतं? टिंगूला कळतं की कप्तान एकटाच पुढच्या खोऱ्यात जाणार आहे आणि आपल्याला नेणार नाही. तो पहारेकऱ्यांकडे जातो आणि कप्तानची लपायची जागा सांगून टाकतो. वाईटपणानं नाही. मागे राहायची भीती वाटते म्हणून.

मी तिथपर्यंत वाचलं आणि थांबले. पाणी प्यायले. पान उलटलं, परत उलटलं. आत्या छताकडे बघत होती. तशीच म्हणाली, ‘वाच पुढे. टिंगूनं सांगितलं, हे मला तेव्हापासून माहीत आहे.’

पुस्तकातल्या टिंगूबद्दल ती बोलत नव्हती, हे मला लगेच कळलं.

ताई, बाबांना मी सांगितलं होतं.

एकदा लिहून झालं. आता बाकीचं लिहिता येईल.

त्या दुपारी तू आणि आत्या तिच्या खोलीत प्रवेशाचं पत्र बघत होतात. दूरच्या शहरात नकाशे काढायचं शिक्षण, तीन वर्षांचं, राहायला वसतिगृह. पालक म्हणून आत्यानं बाबांच्या नकळत सही केली होती. ‘संध्याकाळच्या बसनं निघ, भाऊ कामावरून यायच्या आत. मी नंतर बघते त्याचं,’ असं ती म्हणत होती. मी पलंगाखाली होते. हाच सातवा भाग घेऊन तिथे लोळत होते, तुम्ही आलात तशी गप्प पडून राहिले. तू म्हणालीस, ‘धाकटीला आत्ता काही सांगू नकोस, ती रडून घर डोक्यावर घेईल.’ आत्या म्हणाली, ‘नाही सांगत.’

आई गेली तेव्हा मी तीन वर्षांची होते. मला आई आठवत नाही, तू आठवतेस. तू बॅग घेऊन, मैत्रिणीकडे जाते म्हणून बाहेर पडलीस. मी खिडकीतून बघितलं. तू मागे वळलीसुद्धा नाहीस. बाबा त्या दिवशी नेमके लवकर आले. दारात वाकून बुटाची नाडी सोडत होते. मी म्हटलं, ‘बाबा, ताई बसनं कायमची चाललीय.’ त्यांनी सोडलेली नाडी परत बांधली आणि बाहेर पडले.

अर्ध्या तासात त्यांनी तुला परत आणलं. ते पत्र फाडलं. तू विचारलंस, तुम्हाला कुणी सांगितलं? ते म्हणाले, ‘कळायचं तिथून कळलं.’ तू आत्याकडे बघितलंस. फक्त तिलाच माहीत होतं, असं तुला वाटत होतं. तू तिला म्हणालीस, ‘जन्मभर टेलिफोन एक्स्चेंजमध्ये बसून दुसऱ्यांचं ऐकलंस, एकदा तरी पोटात ठेवायचं होतंस.’

आत्या गप्प राहिली. मी दाराआड उभी होते आणि मीही गप्प राहिले. चौतीस वर्षं.

तुझं लग्न झालं, तू लांब गेलीस, तुझे नकाशे राहिले ते राहिलेच. बाबा गेले तेव्हा तू एका दिवसासाठी आलीस आणि आत्यानं पुढे केलेला चहा तसाच ठेवून गेलीस. मी तो कप विसळला. तेव्हा तरी बोलायला हवं होतं. पण जाताना तू मला घट्ट धरलंस, आणि ते मला सोडवेना.

मंगळवारी मी आत्याला विचारलं, तुला कसं कळलं? ती म्हणाली, ‘त्या संध्याकाळी पलंगाखाली पुस्तक सापडलं, आणि तू चार दिवस जेवली नाहीस.’ मग मी विचारलं, तू बोलली का नाहीस?

‘तू दहा वर्षांची होतीस,’ ती म्हणाली. ‘तिच्याशिवाय तुला कोण होतं? तिनं तुला टाकलं असतं तर तू मोडली असतीस. मी मोठी बाई. वाटलं, रागावेल वर्षभर, सोसेन.’

‘मग सोसलंस?’

मग म्हणाली, ‘नाही. मला नाही जमलं ते. पण तोवर सांगायची वेळ निघून गेली होती.’

ताई, मी तिला आजवर रडताना पाहिलं नव्हतं. हाड मोडलं तेव्हाही नाही. मीच उठून दुसऱ्या खोलीत गेले, कारण तिच्याकडे बघायची माझी हिंमत नव्हती. परत आले तर डोळे पुसून विचारते, ‘पुढे काय होतं त्या टिंगूचं?’ मी वाचून दाखवलं. अर्ध्या पानात सगळे त्याला माफ करतात आणि पुढच्या मोहिमेवर निघतात. आत्या म्हणाली, ‘लेखकाला घाई झालेली दिसते.’

मी तुला लिहिणार म्हटल्यावर ती चिडली. म्हणाली, ‘लिहू नकोस. माझं आता काय राहिलंय? उगाच ती तुलाही तोडेल.’ मी तिला शब्द दिला नाही.

दहा वर्षांची होते, हे मी स्वतःला हजारदा सांगितलं. ते दहाव्या वर्षापुरतं खरं आहे. विसाव्या, तिसाव्या, चाळिसाव्या वर्षी मी दहाची नव्हते. तुझं शिक्षण मी तेव्हा घालवलं, ते भीतीनं. आत्यापासून तुला मात्र मी नंतर तोडलं, दर वर्षी, समजून-उमजून, कारण तुझं प्रेम मला पुरं हवं होतं. सगळ्यात वाईट हे आहे. ते लिहायचं मी पहिल्या पत्रात टाळलं, आणि या पत्रातही शेवटापर्यंत लांबवलं.

तू मला माफ कर असं लिहिणार नाही. फोन केला नाहीस, पत्र लिहिलं नाहीस, तर मी समजेन. कारण विचारणार नाही.

पण आत्या आता आधाराची काठी धरून खिडकीपर्यंत सहा पावलं जाते. डॉक्टर म्हणतात, वर्षभरात चालेल, किंवा नाही चालणार. तिला एक ओळ लिही. राग लिहिलास तरी चालेल, तिला तोही तुझ्याकडून आलेला हवा असेल. पाकिटावर तिचंच नाव घाल. ते जसं येईल तसं तिच्या हातात देईन. मी ते फोडणार नाही.

तुझी म्हणवून घ्यायचा हक्क राहिला असेल तर तुझीच,
धाकटी