नावाड्याची पोर

२ मे
आजपासून राग बंद. डॉक्टरांनी बीपी बघून दम दिला म्हणून नव्हे, मी मुळातच शांत माणूस आहे. राग येतो तो फक्त मूर्खांचा, आणि ऑफिसात सध्या त्यांचीच भरती आहे.
पाच वर्षं खपून मी अख्खी दुनिया उभी केली. खेळाडूनं वाटेल तिकडे जावं, वाटेल ते करावं, असा गेम. बाराशे गुहा, प्रत्येक गुहेत एक पेटी. महिनाअखेर पैसे लावणारी मंडळी बघायला येणार. आवडला तर गेम बाजारात, नाही तर गाशा गुंडाळायचा. आवडणारच.

५ मे
बाहेरच्या काही लोकांना खेळायला बसवलं. एकही जण गुहेत गेला नाही. सगळे पहिल्याच गावात, नदीकाठी. तिथे एक नावाडी आहे. खेळाडूला पलीकडे सोडणं एवढंच त्याचं काम. अगदीच कोरडा वाटू नये म्हणून पहिल्याच वर्षी त्याच्या तोंडी एक वाक्य घातलं होतं: पोर आजारी आहे घरी, पण चला, सोडतो. चहा पिता पिता लिहिलेलं. तर हे शहाणे नावेत बसायचं सोडून गावभर त्या पोरीला शोधत फिरले. एकेक दार वाजवलं.
पोर नाहीच. दारंसुद्धा नुसती रंगवलेली आहेत.
तळपायाची आग मस्तकात गेली. पण ओरडलो नाही. फक्त माउस आपटला. जुनाच होता.

६ मे
टेस्टिंगचं काम बघणारी बाई सांगायला आली, की मग करून टाकू ना ती पोर. एक खोली, एक खाट, फार काम नाही. मी म्हटलं, गेम आहे, दवाखाना नव्हे. तर म्हणते, पेटीत काय असतं हे लोकांना दुसऱ्याच गुहेत कळून चुकतं, नावाड्याच्या घरात काय असेल ते कळत नाही.
काल आली आणि मला शिकवते. शांतपणे समजावलं. शेजारच्या खोलीतले लोक उठून दारात आले, तो त्यांचा भोचकपणा.
निश्चय: गुहा अठराशे करायच्या.

१० मे
सासूबाई राहायला आल्यात. डोकं न बिघडलेला खेळाडू हवा म्हणून त्यांनाच बसवलं. बायको म्हणाली, आईला छळू नकोस.
सासूबाई नावाड्यापाशी गेल्या, त्याचं ऐकलं आणि थांबल्या. म्हणाल्या, जावईबापू, घरात आजारपण असताना याला कशाला कामाला लावायचं, मी जाईन सावकाश. मी सांगितलं, पलीकडे राक्षस राजधानी जाळायला निघालाय. म्हणाल्या, ते बघायला राजा आहे ना.
मग गेममधल्या आपल्या पिशवीतल्या औषधाच्या कुप्या त्याला देता येतात का बघत बसल्या. येत नाहीत. तेव्हा एकेक करून त्याच्या पायाशी ठेवल्या.
मी जेवलो नाही. रागानं नव्हे, भूक नव्हती.

१२ मे
उपाय सापडला. इतका सोपा, की स्वतःचं कौतुक वाटलं. ते वाक्यच काढून टाकलं. आता नावाडी म्हणतो, चला, सोडतो. जुनी प्रतही पुसली, कोणी परत चावटपणा करायला नको. टेस्टिंगवालीनं आपली वही मिटली. पटलं असणार.

१५ मे
नवी माणसं बसवली. पोरीला कोणी शोधलं नाही. जिंकलो. सगळे गुपचूप नावेत बसले, पलीकडे गेले, एका गुहेत शिरले, दुसऱ्या गुहेत शिरले. मग एकानं फोन काढला. एक जण बाथरूम विचारून गेला तो आलाच नाही. पिढीच नादान.
निश्चय: प्रत्येक गुहेत दोन पेट्या.
घरी सासूबाईंनी विचारलं, पोर बरी झाली का. मी म्हटलं, मुळात नव्हतीच. त्या उठून आत गेल्या. नसलेल्या पोरीपायी माझ्याच घरात माझ्याशी अबोला. मला याची भयंकर चीड आली आहे.

२९ मे
मंडळी आली. मी स्वतः खेळून दाखवलं. चौथ्या गुहेनंतर त्यांच्यातल्या एका बाईंनी अदबीनं विचारलं, यातल्या कुठल्या जागी तुम्हाला स्वतःला परत जावंसं वाटतं? मी नकाशा उघडला. बराच वेळ वरखाली करत राहिलो. खुणाच एवढ्या, की जमीन दिसेना.
शेवटी टेस्टिंगवालीनं नावाड्याची हकीकत सांगितली. सगळे पहिल्यांदाच खुर्च्या पुढे ओढून ऐकू लागले. म्हणाले, ते दाखवा. दाखवायला नव्हतं. महिन्याची मुदत मिळाली. आमच्या कंपनीच्या साहेबांनी सगळा गेम टेस्टिंगवालीकडे दिला आणि मला एकच काम दिलं, पोर.
इतका संतापलो, की कोणावर ते ठरेना.

३१ मे
सकाळपासून बसलोय. खोली झाली, खाट झाली. दार उघडतं. पोरीच्या तोंडचं पहिलं वाक्य मात्र येत नाही. अठराशे गुहा करणारा माणूस मी. लिहितो, खोडतो.
दुपारी निमूटपणे सासूबाईंसमोर जाऊन बसलो. म्हटलं, तिला परत आणतोय, ती बोलेल काय? म्हणाल्या, ते मागाहून बघू, आधी सांगा, तिला झालंय काय?
पाच वर्षं झाली तिला आजारी पाडून. काय झालंय ते मला माहीत नाही.