तळमजल्याचे घर हवे, मालकाशी थेट बोलणी

घोरपडे पेठ, पुणे
१२ फेब्रुवारी २००९

प्रिय मित्र श्रीधर यांस,

युसूफ तांबोळीचा नमस्कार आणि सलाम. (दोन्ही पाठवतो आहे. कोइमतूरच्या उकाड्यात जो टिकेल तो ठेवून घे.) तुझी तब्येत, लेक, जावई आणि नात सगळी खुशाल असतील असे धरून चालतो, कारण तू तीन महिन्यांत एक ओळ लिहिलेली नाहीस आणि फोनवर तू फक्त 'हं' म्हणतोस. माझ्या एका डोळ्याचा मोतीबिंदू निघाला, दुसरा डोळा रांगेत आहे. आबेदाच्या खुब्याचे हाड जुळले, असे डॉक्टर म्हणतात. जिना मात्र अजून जुळलेला नाही. तिसरा मजला, शेहेचाळीस पायऱ्या. ती स्वतःच्या पायांनी खाली उतरून चौदा महिने झाले. भाजी ती गॅलरीतून दोरीला टोपली सोडून घेते आणि भावही तिथूनच करते. मथुराबाई भाजीवाली परवा मला म्हणाली, "काकूंशी भांडून भांडून माझी मान अवघडली हो." आबेदाला हे सांगितले तर ती खूष झाली. श्रीधर, माणसाला चौदा महिन्यांत भांडायला एकच बाई मिळत असेल तर तिची मान दुखणारच.

तेव्हा तळमजल्याचे घर घ्यायचे ठरले. गुलजारने आम्हाला खराडीला त्याच्याकडे नेऊन पाहिले, अकराव्या मजल्यावर. "लिफ्ट आहे ना अब्बा," म्हणाला. लिफ्ट होती. आम्ही गेलो त्या आठवड्यात दोनदा बंद पडली, एकदा आबेदासकट. पाऊण तासाने तिला बाहेर काढले तेव्हा ती एवढेच म्हणाली, "मला आपल्या तिसऱ्या मजल्यावर न्या." पोराचा चेहरा उतरला. त्याने मनापासून बोलावले होते रे. आता तो फोन करतो आणि घराचा विषय काढत नाही.

मग मी स्वारगेटजवळच्या एका एजंटाकडे गेलो. तांबोळी आडनाव ऐकून त्याने खुर्ची दिली, पाणी दिले, तीन घरे सांगितली. फॉर्मवर मी पूर्ण नाव लिहिले तेव्हा त्याने फॉर्म उलटून मागची बाजू पाहिली, जणू तिथे दुसरे एखादे नाव निघेल. नंतर म्हणाला, "काका, तुमच्यासाठी आपण कोंढव्यात बघू." कोंढव्यात वाईट काही नाही. माझा मावसभाऊ मन्सूर तिथे ऐसपैस राहतो. पण आबेदाचा डॉक्टर इथे, तिची बहीण इथे, आणि मी सत्तर वर्षे ज्या गावात पायी फिरलो त्यात मला कुठे राहायचे हे मीच ठरवावे असे मला वाटले. (हे वाटणे वयोमानाने होते, असे एजंटाच्या चेहऱ्यावरून दिसले.)

त्या दिवशी चालत घरी येताना मला एक कल्पना सुचली. एजंट नाव बघतो, घरमालक माणूस बघेल. तर थेट घरमालकांकडेच जावे. एक सुबक पत्र छापायचे, तळमजल्यावर राहणाऱ्या चाळीस वयस्कर मंडळींच्या दारात स्वतः नेऊन द्यायचे, कोणाच्या मनात विकायचे असेल तर तो बोलावेल. पत्र मी स्वतः लिहिले. बुधवार पेठेतल्या आपल्या प्रेसच्या मालकाच्या मुलाने जुन्या ओळखीखातर छापून दिले. मुद्रिते मी चार वेळा तपासली. तू आणि मी त्या प्रेसमध्ये एका टेबलाशी बसून एकतीस वर्षे लोकांच्या चुका काढल्या, तेव्हा या कामात चूक राहणे शक्य नव्हते. चाळीसच्या चाळीस पत्रे वाटून झाल्यावर सहकारनगरातल्या एका गृहस्थांचे पोस्टकार्ड आले. "आपले पत्र पोचले. आमचे घर जुने आहे, पण आपल्याला हवे तितके विकृत नाही. कळावे." मी धावत जाऊन उरलेली प्रत पाहिली. 'घर विकत हवे' याचे 'घर विकृत हवे' झाले होते. मोतीबिंदूवर ढकलता आले असते, पण हे मी मोतीबिंदू काढलेल्या डोळ्यानेच तपासले होते. आबेदाला वाचून दाखवले तर ती हसता हसता रडायला लागली आणि मग नुसतीच रडली. मी तिला पाणी दिले.

तरीही उत्तरे आली, पुणे आहे शेवटी. मुकुंदनगरच्या एका बंगल्यावर मी बोलावण्यावरून गेलो. फाटकावर पाटी होती, 'कुत्र्यापासुन सावध'. मालक यायला वेळ होता, खिशात लाल पेन होते, हात थांबला नाही. मी 'सु' दीर्घ केला. मालक मागेच उभे होते. म्हणाले, "घर विकायचं होतं. आता नाही विकायचं." कुत्रा शेवटपर्यंत भुंकला नाही, हे त्याच्या बाजूने नोंदवून ठेवतो. आणखी दोन ठिकाणी नाव सांगितल्यावर घर त्याच आठवड्यात 'नात्यातच द्यायचं ठरलं'. दोन्ही ठिकाणी वाक्य हेच. मी मान डोलावून परत आलो. अशा वेळी मान आपोआप डोलते.

आता द्वारकाबाई पानशांचे सांगतो. त्यांच्यासाठीच हे पत्र लिहायला बसलो, बाकीचे सगळे मी तिथे पोचायला उशीर करत होतो. सहकारनगरात एका सोसायटीत तळमजल्यावर त्यांच्या दोन खोल्या, मागे पावशेर अंगण. पंच्याहत्तरीच्या, विधवा, एकट्या. त्यांना नाशिकला बहिणीकडे जायचे होते. त्यांनी फोन केला. मी पहिल्याच वाक्यात पूर्ण नाव सांगितले, म्हणजे पुढची वाक्ये वाचतील. त्या म्हणाल्या, "नाव कळलं. चार वाजता या. पाचला मला कीर्तनाला जायचंय." गेलो. त्यांनी चहाला साखर किती विचारली, मी मधुमेह सांगितला, त्यांनी त्यांचा सांगितला. घर दाखवताना गळका नळ आधी दाखवला आणि खिडक्या नंतर. इतके सरळ घर मी पाहिले नव्हते. तिसऱ्या भेटीत किंमत ठरली, घासाघीस न करता. त्या म्हणाल्या, "आता तुमच्या मिसेसना आणा. स्वयंपाकघर बाईनं बघितल्याशिवाय मी शब्द देत नाही."

आबेदाला खाली कसे आणायचे? भुसार बाजारातले दोन हमाल, मच्छिंद्र आणि भैरू, खुर्चीला वासा बांधून तिला घेऊन उतरले. भैरू म्हणाला, "काकू, तुमचं तर अर्धं पोतंबी वजन न्हाय." तिला आधी राग आला, मग रिक्षात बसल्यावर रिक्षावाल्याला तिने हे स्वतःच सांगितले. तिने मोरपंखी साडी नेसली होती, गुलजारच्या लग्नातली. द्वारकाबाईंच्या घरात ती वॉकर घेऊन दोन्ही खोल्या फिरली, ओट्याची उंची हाताने मोजली, पलंग कुठे येईल ते ठरवले. मग मागचे दार उघडून अंगणात गेली, चपला काढल्या आणि मातीत अनवाणी उभी राहिली. दहा मिनिटे तिथून हलली नाही. द्वारकाबाई आतून म्हणाल्या, "उन्हात उभ्या राहू नका, डोकं दुखेल." आणि मग स्वतःच जाऊन तिच्या शेजारी उन्हात उभ्या राहिल्या. मी स्वयंपाकघरात एकटा बसलो होतो. मला आत फार बरे वाटत होते, श्रीधर, इतके की भीती वाटली.

पुढच्या रविवारी व्यवहाराचे कागद ठरवायला गेलो तेव्हा दार त्यांच्या पुतण्याने उघडले. चांगला मुलगा आहे, वाकून नमस्कार केला. म्हणाला, "काका, गैरसमज करून घेऊ नका. आमचं काहीच नाही. पण सोसायटीचं तुम्हाला माहितीये. इथं सगळे शाकाहारी आहेत." मी म्हणालो, "डॉक्टरांनी आमच्या घरात दोन वर्षांपूर्वीच मटण बंद केलंय." तो खाली बघून म्हणाला, "तसं नाही हो काका." कसे ते त्याने सांगितले नाही आणि मीही विचारले नाही. मी त्याला आणखी अवघडवत होतो, म्हणून उठलो. तेवढ्यात आतून चहाचा कप आला, तो त्यानेच आणून दिला. द्वारकाबाई बाहेर आल्या नाहीत. आत त्या आहेत हे कळत होते, बांगड्यांचा आवाज येत होता. चहा बिनसाखरेचा होता. मी तो सगळा प्यायलो, कप विसळण्याच्या जागी ठेवला आणि निघालो.

घरी येईपर्यंत मी कारण तयार केले. आबेदाला सांगितले, घराला ओल आहे, पावसाळ्यात भिंती गळतात, तुझ्या खुब्याला ते चालणार नाही. ती निवडत असलेली मेथी निवडत राहिली. थोड्या वेळाने म्हणाली, "ओल मला त्याच दिवशी दिसली होती. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून बोलले नाही." त्या घराला ओल नव्हती, श्रीधर. मी प्रत्येक भिंतीला हात लावून पाहिला होता. त्या रात्री भाकरी आणि मेथी छान झाली होती असे आम्ही एकमेकांना तीनतीनदा सांगितले.

तर हे असे आहे. राग मला कोणाचाच धड येत नाही, हीच अडचण आहे. एजंटाला पोट आहे, पुतण्याला काकू आहे, काकूला नाशिकला गेली तरी उरलेले दिवस त्याच्याच जिवावर काढायचे आहेत. सगळ्यांचे बरोबर आहे आणि आबेदा तिसऱ्या मजल्यावर आहे. तू इथे असतास तर या पत्रातले निम्मे कंस काढून टाकले असतेस आणि म्हणाला असतास, "मुद्द्याचं लिही." प्रकृतीस जप. लेकीला आशीर्वाद, नातीला पापा.

तुझा,
युसूफ

ता. क. – मुद्द्याचे लिहितो. पर्वती पायथ्याचे तुझे तळमजल्याचे घर वासंतीवहिनी गेल्यापासून तीन वर्षे बंद आहे. किल्ली माझ्याकडेच आहे, दर महिन्याच्या एक तारखेला मी जाऊन नळ सोडतो, खिडक्या उघडतो, तासभर बसतो. चाळीस पत्रे वाटताना तुझ्या दारावरून किती वेळा गेलो ते मोजले नाही. तुला एकदाही विचारले नाही. त्याची कारणे दोन. घर विकत मागायचे म्हणजे 'तू आता परत येणार नाहीस' असे तुझ्या तोंडावर म्हणायचे. आणि दुसरे म्हणजे, तूही जर म्हणालास की माझे काही नाही रे, पण सोसायटी, तर परक्यांकडून ऐकून घेता आले तसे मला ते ऐकून घेता येणार नाही. तरीही विचारतो. तू विकशील का? आणि तुझ्या सोसायटीच्या मीटिंगला माझ्याबरोबर येऊन बसशील का? यातला दुसरा प्रश्न मोठा आहे हे मला ठाऊक आहे.

ता. क. २ – आबेदाला वरचे सगळे वाचून दाखवले. द्वारकाबाईंचा भाग गाळायचा विचार होता, पण वाचत गेलो. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतले. मग म्हणाली, घराचं नंतर बघू, आधी श्रीधरभाऊंना एवढंच विचारा, तिथे त्यांच्याशी मराठीत बोलायला कोण आहे? याचे उत्तर आधी पाठव.