मामाच्या हाती दिलेला कागद

सर,

परवा तुमच्या फोटोला हार मी घातला. गावातल्या डॉक्टरांनी तुमच्या स्मरणार्थ व्याख्यान ठेवलं होतं आणि बोलावणार कोणाला, तर मलाच. तुमच्या हाताखाली तयार झालेली, पुण्याच्या मेडिकल कॉलेजातली प्राध्यापक, मुलांच्या जनुकीय तपासणीत डॉक्टरने कसं वागावं याचे नियम लिहिणारी बाई. स्टँडवरच्या पाट्या बदलल्यात, जिल्ह्याचं नाव बदललंय, कंडक्टर मात्र अजून ‘नगर, नगर’ असंच ओरडतात. फोटोत तुमचा टाय नेहमीसारखा वाकडा आहे. हार घालताना माझा हात जरासुद्धा कापला नाही, हे मुद्दाम सांगतेय. माझ्या प्रत्येक व्याख्यानाची पहिली स्लाइड पारनेरकडच्या त्या मुलीची असते, आणि तिचं वाटोळं करणारे डॉक्टर त्या स्लाइडवर तुम्ही असता. नाव नसतं. ‘जिल्ह्याच्या गावातले एक ज्येष्ठ बालरोगतज्ज्ञ’, एवढंच. परवा तेवढी स्लाइड काढून टाकली होती. ज्याला हार घालायचा त्याच्यावर त्याच सभेत आळ घ्यायचा, इतकी काही मी निर्लज्ज नाही, असं त्या सकाळपर्यंत तरी मला वाटत होतं.

आपल्या दवाखान्यात रिपोर्ट कसे दिले जायचे, आठवतंय? टेबलाच्या उजव्या खणात गावांच्या नावाने गठ्ठे, प्रत्येकाला रबरबँड. कोणी बाजाराला, कोर्टाला, ट्रॅक्टरचा पार्ट न्यायला नगरला आलं की गावातल्या चार घरांचे रिपोर्ट घेऊन जायचं. एकदा तर तुम्ही एसटीच्या कंडक्टरबरोबर पाठवला होतात. एका कागदासाठी कोण दिवस मोडणार? आपण त्याला माणुसकी म्हणायचो. आता मी त्याला गोपनीयतेचा भंग म्हणते, आणि त्यावर माझ्या पुस्तकात एक अख्खं प्रकरण आहे.

ती मुलगी एकोणीस वर्षांची होती. धाकट्या बहिणीला थॅलेसेमिया, तिला दर तीन आठवड्यांनी रक्त भरायला हीच घेऊन यायची. आईवडील नात्यातले, दोघांकडून अर्धा अर्धा दोष आला म्हणून धाकटीचा पुरा आजार झाला. थोरलीचं लग्न मामाच्या मुलाशी ठरलेलं, अगदी पाळण्यात असल्यापासून. मामा कोल्हारचा, प्रवरेकाठचा ऊसवाला. पारनेरच्या कोरड्या रानातली पोरगी पाटाच्या पाण्यावर नांदायला जाणार म्हणून घरात केवढा आनंद! एक दिवस बहिणीला रक्त लावलेलं असताना ती तुमच्या टेबलाशी आली. "डाक्टर, माझं बी रगात तपासता का? लगीन नात्यात हाय." तुम्ही पेन खाली ठेवून तिला नीट समजावलंत. तुझ्यात दोष निघाला तरी तू आजारी नाहीस, कधी होणारही नाहीस. नवऱ्यातही निघाला तरच पुढच्या पोराला धोका. तिने वळून बहिणीकडे बघितलं. मग म्हणाली, "मंग मला एकटीलाच सांगा. मी त्यास्नी सांगते, त्यांचं बी तपासायला घेऊन येते. दुसऱ्या कुनाला न्हाई. आईला बी न्हाई." तुम्ही तिच्या कागदावर लाल शाईने लिहिलंत, ‘अहवाल फक्त मुलीच्या हातात.’ त्या काळात असं कोणी लिहीत नव्हतं, सर. मी पुढे तीस वर्षं देशोदेशी जे सांगत फिरले ते तुम्ही त्या दुपारी एका ओळीत लिहून मोकळे झाला होतात.

मामा आला तेव्हा तुम्ही बाहेर होतात. मोटरसायकलवरून आलेला, अंगावर धूळ, हातात पिशवी. "दाजी म्हनले, नगरला चाललाच हायेत तर पोरीचं रिपोट घेऊन या." त्याला धाकटीचे हवे होते. गठ्ठ्यात धाकटीच्या कागदाखालीच थोरलीचा होता. मी लाल शाई वाचली. हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. दिसली नाही, घाईत होते, गर्दी होती, यातलं काही नाही. वाचली, आणि मनात म्हटलं, इतकं काय त्यात, मामाच तर आहे, उद्याचा सासराही हाच. आणि खरं सांगू? मला नुकतंच घराण्याचं चित्र काढता यायला लागलं होतं. पुरुषाला चौकोन, बाईला गोल, ज्याच्यात अर्धा दोष त्याचं चित्र अर्धं काळं. ऐकायला एक माणूस मिळाला होता, बस्स. मी पॅडचा कागद फाडला आणि तीन पिढ्या काढल्या. मामा वाकून बघत होता. "म्हंजी पोरीत खोट हाय म्हना की." मी म्हटलं, "खोट नाही हो, ती नुसती वाहक आहे. तुमच्या मुलाचंही तपासायला हवं." "तेच की मंग," तो म्हणाला. दुसरं वाक्य त्याने ऐकलंच नाही. "ह्यो कागद न्यू का? घरी दाखवतो." मी म्हटलं, न्या ना! शिवाय गोलांखाली ‘थोरली’, ‘धाकटी’ असं सुवाच्य अक्षरात लिहून दिलं.

आठ दिवसांत सोयरीक मोडली. मुलाचं रक्त कोणीच तपासलं नाही. कशाला तपासतील? खोट कोणात आहे ते मीच काळं करून दिलं होतं. मग मुलीचा बाप आला, मागे ती, आणि बाकावर सगळे पेशंट. त्याने तो कागद तुमच्या टेबलावर आपटला. "मेव्हना नुसतं म्हनतो, दवाखान्यातनं दिलं. कुनी काढलं हे? पोरीनं हात जोडून सांगितलं हुतं का न्हाई?" तुम्ही कागद उचललात. तुमचे गोल कायम इंजेक्शनच्या बाटलीचं बूच ठेवून काढलेले असायचे, सगळे एका मापाचे. माझे हाताने काढलेले, बटाट्यासारखे. तुम्हाला कळायला क्षणही लागला नसेल. माझ्याकडे न बघता तुम्ही म्हणालात, "मी काढलं. मीच सांगितलं." त्याने तुमच्या मुस्काटात मारली. चष्मा उडून माझ्या पायाशी पडला. मी तो उचलला, पदराने पुसला आणि तुमच्या हातात दिला. त्या दिवशी मी केलेलं काम एवढंच.

सुया उकळायच्या खोलीत तुम्ही मला नेलंत. मला रडू फुटलं. "रडायचं नाही," तुम्ही म्हणालात, अगदी हळू. "तुला वाचवलं असं समजू नकोस. तू पुढे आली असतीस तर अशीच रडली असतीस, आणि सगळे तुझीच समजूत काढत बसले असते. ती पोरगी राहिली असती बाजूला. तुला तिची दया आली नव्हती, तुला चित्र दाखवायची हौस आली होती. आता घेऊन जग हे." मग जसं काही झालंच नाही असे आपण मागे तुमच्या घरात, स्वयंपाकघरात गेलो. काकूंनी बाहेरचं सगळं ऐकलं होतं. चहाचा कप माझ्या हातात देता देता त्या तुम्हाला म्हणाल्या, "आपल्याला मुलगी नाही ना, म्हणून तुम्हाला कळलं नाही." तुम्ही चहा बशीत ओतलात. मी माझा कप संपवला. चहात आलं जास्त झालं होतं. असलं बरं लक्षात राहतं मेलं! पुढे पारनेरकडचे पेशंट येईनासे झाले. पोरींची बिंगं फोडणारा डॉक्टर, असं तुमचं नाव पडलं. मी वर्षभर तुमच्या शेजारच्या खुर्चीत बसून मुलं तपासली आणि ब्र काढला नाही.

राग मात्र मला तुमचा आला, आणि तो अजून गेलेला नाही. मला कोणी चार लोकांत फाडून खाल्लं असतं तर मी कधीच सुटले असते. तुम्ही माझा मार स्वतः खाल्लात आणि मला जन्माची मिंधी करून ठेवलंत. चांगली माणसं अशीच सूड घेतात, असं मी त्या काळात स्वतःला सांगायचे. मी पुण्याला जाण्याआधी ती मुलगी एकदा भेटली; धाकटीला रक्त भरायला दुसरी सोय नव्हती, म्हणून तेवढ्यासाठी यावंच लागायचं. खर्ड्याकडच्या एका बिजवराला दिली होती. त्याला आधीची दोन पोरं, आणि हिच्या रक्तात खोट म्हणून लग्नानंतर लगेच हिचं ऑपरेशन करून टाकलेलं. स्वतःचं एकही मूल नसताना! धडधाकट पोरगी, सर, तिला साधा तापसुद्धा नव्हता. मी विचारलं, कशी आहेस? "हायेत की दोन पोरं, आयती," ती म्हणाली आणि हसली. मग माझा हात धरून म्हणाली, "म्याडम, त्या दिशी डाक्टरांच्या जागी तुमी असत्या ना, तर न्हाई सांगितलं असतं." मी तिचा हात सोडवून घेतला आणि धाकटीची रक्ताची नळी बघायला गेले. नळी ठीकच होती.

मग पुणे, मग परदेशातली दोन वर्षं, मग हे सगळं. मुलाच्या रक्तातली माहिती कोणाची, ती कळून घ्यायचा हक्क कोणाचा, न कळून घ्यायचा कोणाचा, यावर मी बोलते तेव्हा लोक वहीत उतरवून घेतात. विद्यार्थी त्याला ‘मामाची केस’ म्हणतात. पहिला लेख छापून आला तेव्हा त्यात ज्येष्ठ डॉक्टरने मामाला सांगितलं असं मी लिहिलं होतं, आणि त्याची एक प्रत तुम्हाला पाठवली. का पाठवली ते मला नक्की सांगता येणार नाही. बहुतेक तुम्ही एकदा तरी ओरडावं म्हणून. प्रत परत आली. पेन्सिलीने दुरुस्त्या केलेल्या. ‘मुलगी अठरा नाही, एकोणीस.’ ‘मामा टेम्पोने नाही, मोटरसायकलने आला.’ आणि ज्या वाक्यात मी तुमच्यावर आळ घेतला होता त्याच्यासमोर, केसपेपर तपासून झाल्यावर करायचात तशी, एक छोटी बरोबरची खूण. सोबत चिठ्ठी नाही, काही नाही. इतक्या निष्ठुरपणे मला कोणी कधी वागवलेलं नाही. दुसऱ्या वर्षी तुम्ही गेलात. मी आले नाही.

परवा व्याख्यान झाल्यावर काकू मला घरी घेऊन गेल्या. दवाखान्याच्या जागी मोबाईलचं दुकान आहे, मागचं घर तसंच. काकू आता काठी घेऊन चालतात, कान मात्र तिखट आहेत. चहा झाला. मग त्यांनी कपाटातून एक फाईल काढली आणि तो कागद माझ्यापुढे ठेवला. घड्यांवर चिकटपट्टी लावलेली. "ह्यांच्या खणात होता. गोल बघ. ह्यांचे गोल असे नसायचे गं." मी बघत राहिले. ‘थोरली’, ‘धाकटी’. अक्षर अजून तसंच आहे माझं. काकू म्हणाल्या, "मी त्यांना एक वाक्य बोलले होते. तू चहा घेत होतीस तेव्हा. ते जाईपर्यंत आमच्या घरात मुलीचा विषय परत निघाला नाही, कोणाच्याच मुलीचा. मला कोणाचं अक्षर ते नको सांगूस. एवढंच सांग, मामाला ते बोलले होते का?"

दार इतकं सताड उघडं माझ्यासाठी कोणी कधी ठेवलं नव्हतं. आणि मी म्हटलं, "हो काकू. सरच बोलले. घाईत काढलं असेल."

आता यावर माझ्याकडे कारणं आहेत, ढीगभर आहेत. या वयात त्यांना हे कळून काय उपयोग, आपण नवऱ्याला उगाच टोचून बोललो हे घेऊन म्हातारीने मरायचं का, वगैरे. असली कारणं देणाऱ्या डॉक्टरांना मी कॉलेजच्या नीतिमत्ता समितीसमोर उभं करून घाम फोडलेला आहे. समोरचा माणूस स्वतः विचारतोय, शुद्धीत आहे, ऐकायला तयार आहे, तर सत्य त्याचं आहे, तुमचं नाही. हे वाक्य माझंच आहे, माझ्याच पुस्तकातलं. मी लपवलं ते काकूंसाठी नाही. मला माझी पहिली स्लाइड हवी होती. काकूंनी मान हलवली. "बरं झालं विचारलं," त्या म्हणाल्या. "म्हणजे मी बोलले ते वावगं नव्हतं." कागदाची घडी घातली, फाईल बंद केली आणि एक वही पुढे केली. तुमच्याबद्दल सगळ्यांनी दोन दोन ओळी लिहिल्या होत्या. "तूही लिही." मी म्हटलं, बोटं धरलीत काकू, सांध्यांचा त्रास आहे, नंतर पाठवते. त्यांनी वही मिटली आणि मला निरोप द्यायला दारापर्यंत आल्या. "पाठव हो," म्हणाल्या, "पण हाताने लिहून पाठव."

दोन ओळींच्या जागी हे एवढं झालं. हे कुठे जाणार नाही. तुमच्यापर्यंत पोचत नाही म्हणूनच वर ‘सर’ लिहिलं. ज्यांच्यापर्यंत पोचेल त्यांचा पत्ता मला तोंडपाठ आहे. बोटांना माझ्या काहीही झालेलं नाही, सर, आणि तरी हे मी हाताने लिहिलेलं नाही. टाइप केलंय.