सातव्या पावलाचा आवाज

२९ एप्रिल, बुधवार

मेलो! रीलवर चुकीचा आवाज गेलाय. आणि थोडाथोडका चुकीचा नाही — लग्नाच्या व्हिडिओवर दहाव्याचे मंत्र!

सकाळी सातला शेवगावच्या मावसकाकांचा फोन. तेही गुरुजीच, बाबांचे मावसभाऊ. कसा आहेस, काय चाललंय, काही नाही. एकदम — "सुश्रुत, ती सप्तपदीची रील तूच टाकलीस ना? अरे गाढवा, मागे जे चाललंय ते दहाव्याचं आहे! कानात बोळे घातले होतेस का?"

लावून बघितली. चित्र ठीकच. तांदळाच्या सात राशी, नवरीचं मेंदीचं पाऊल, सातव्या राशीवर टेकतंय. बाबांचा आवाज खणखणीत. तीन दिवस मीच तो कौतुकाने ऐकतोय. आज नीट कान दिला तर 'प्रेत' हा शब्द स्पष्ट आला. अठ्ठावीस सेकंदांत दोनदा.

एक्केचाळीस हजार लोकांनी बघितलीय. वर 'नृसिंह गुरुजी, नेवासा, सर्व शुभकार्ये' असं मीच रंगीत अक्षरांत लिहिलंय. शुभकार्ये!

कसं झालं ते आता कळतंय. जानेवारीत बाबांनी देवघरात बसून माझ्याकडून दोन रेकॉर्डिंगं करून घेतली होती. "ऐकत जा, कानावर तरी पडू दे." मी बटण दाबून बाहेर निघून गेलो. नंतर 'बाबा १' आणि 'बाबा २' अशी नावं देऊन ठेवली आणि एकदाही उघडली नाहीत. गेल्या रविवारी बन्सीकाकांच्या ज्ञानेश्वरीचं लग्न होतं. बाबांच्या उपरण्याला कॉलर माईक लावला. मंगलाष्टकं झाली की सगळा मांडव जेवायला पळतो, सप्तपदीला चार माणसं उरतात. बँड असा पेटला होता की शेजारच्याचं बोलणं ऐकू येईना. मी नुसती पावलं शूट केली.

परत येताना टेम्पोत बसून रील जोडली. ॲपमध्ये एक बटण आहे, मागचा गोंगाट काढून टाकतं. ते दाबलं. आवाज इतका स्वच्छ झाला, जणू देवघरात बसून म्हटलंय. आता कळलं का! तो देवघरातलाच होता. फाईल निवडताना बोट 'बाबा २' वर पडलं असणार.

मुंजीनंतर सहा महिने मंत्रांची संथा झाली आणि मी क्रिकेटला पळालो. त्याची फळं. लग्न कोणतं आणि दहावा कोणता, हे गुरुजीच्या पोराला कळलं नाही!

३० एप्रिल, गुरुवार

टाकलेल्या रीलचा आवाज बदलता येत नाही. मजकूर बदला, वरचा फोटो बदला, गाव बदला. आवाज नाही! सगळी बटणं दाबून झाली. मी कामाला असतो त्या सेवा केंद्रात लोक सातबाराच्या उताऱ्यासाठी रांगेत उभे आणि मी मोबाईलमध्ये डोकं घालून. एक आजी म्हणाल्या, "बाळा, माझं बी बघ की जरा."

दुपारी सुनीलच्या मोबाईल दुकानात गेलो. तो हसला आधी. मग माझं तोंड बघून खुर्ची पुढे सरकवली. "आरं डिलीट मार की! त्यात इचार कसला? नीट आवाज लावून परत टाक."

मारली नाही.

इथे कुणाशी खोटं बोलायचं? या रीलमुळे चार दिवसांत तीन लग्नांचे फोन आले. एक तर संभाजीनगरहून! गेल्या वर्षी लोक नगरचे गुरुजी मोबाईलवर बघून ठरवत होते आणि बाबा उन्हात सायकल मारत गावोगाव पंचांग वाटत होते. सतरा मेपासून अधिक महिना लागतोय, मग महिनाभर लग्नं नाहीत. काय व्हायचं ते आत्ताच. म्हटलं, कोणाला कळतंय संस्कृत? एक दिवस राहू दे.

मलाच कळलं नव्हतं, तर लोकांना काय कळणार — हा माझा हिशेब!

१ मे, शुक्रवार

कळलं. सगळ्यांना कळलं. मावसकाकांनीच खाली लिहिलं, "हे अंत्यविधीचे मंत्र आहेत. कृपया काढावे." त्याच्याखाली लोक हसताहेत, शिव्या घालताहेत.

सकाळी बन्सीकाका आले. ओसरीवर बसले, पाणी घेतलं नाही. "गुरुजी, तुमी आमच्या घरचे तीन पिढ्यांचे. मी काय बोलू? पन पारनेरचे पावणे लई तापलेत. पोरीची सासू म्हनती, सून दारात आली ती मढ्याचे मंत्र ऐकत आली व्हय?"

बाबांना यातलं काहीच माहीत नव्हतं. मी सांगितलंच नव्हतं ना! म्हणाले, "बघू." फोन लांब धरून त्यांनी रील पहिल्यांदा ऐकली. मग परत लावली. तिसऱ्यांदा लावली.

"कधीचं आहे हे?"

"जानेवारीतलं रेकॉर्डिंग, बाबा. दोन्ही फाईली एकाच ठिकाणी होत्या. माझ्याकडून चुकून —"

फोन माझ्या हातात परत दिला. ओरडले असते तर बरं झालं असतं. मग बन्सीकाकांकडे वळून हात जोडले. "चूक माझी आहे. पारनेरला येऊन उदकशांत करून देतो. पोरीला काही होणार नाही."

बन्सीकाका गेल्यावर मी पाय धरले. तर म्हणाले, "ऊठ. तुझं नाही चुकलं."

माझं नाही चुकलं म्हणे! म्हणजे माझ्याकडून त्यांनी आशाच सोडली. दोन कानशिलात वाजवल्या असत्या तर निदान मुलगा तरी वाटलो असतो.

रील काढली. दोन दिवस उशिरा.

२ मे, शनिवार

काढूनही गेली नाही. फाट्यावरच्या चहावाल्याच्या स्टेटसला आहे. कोणीतरी वर हसण्याचा आवाजही लावलाय.

४ मे, सोमवार

अधिक महिना लागायच्या आत बाबांची सात लग्नं होती. चार गेली. कोणी भांडत नाही, हेच वाईट. "गुरुजी, मामांच्या ओळखीतले एक निघाले." "गुरुजी, पाहुण्यांनीच आणलेत." बाबा सगळ्यांना "बरं, बरं, शुभ होवो" म्हणतात आणि फोन ठेवतात.

मी सगळ्यांना सांगत सुटलोय, चूक माझी, मी आवाज चुकीचा लावला. लोक ऐकून घेतात. केंद्रात एकाने तोंडावर विचारलं, "म्हणजे गुरुजीच्या पोरालाच येत नाही काय?" "नाही येत," म्हटलं आणि त्याचा उत्पन्नाचा दाखला काढून दिला.

बाबा जेवत नाहीत. आमटी मी करतो, त्यामुळे तशीही कोण जेवणार! पण ताक-भातही नको म्हणतात. आई असती तर तिने दोघांनाही दटावून बसवलं असतं.

६ मे, बुधवार

आईला जाऊन आज सहा महिने.

दिवसभर दहावाच डोळ्यांसमोर. प्रवरेचा घाट. सगळ्या तालुक्याचे दहावे त्या घाटावर बाबांनी केले, पण आईच्या वेळी मावसकाका सांगायला बसले. "आता नाव घे," म्हणाले. मी घेतलं — लीना. आईला नावाने कोण हाक मारतं? बाबाही चारचौघांत कधी मारत नसत.

बाबा वरच्या पायरीवर होते. ज्यांना सगळं तोंडपाठ, ते एक अक्षर बोलले नाहीत. ओठसुद्धा हलले नाहीत. रडलेही नाहीत. घरी आल्यावर सगळ्यांची पानं मांडली. चौदाव्या दिवशी उपरणं झटकून लग्नाला गेले. लोक म्हणाले, गुरुजी धीराचे. मलाही तेच वाटलं. थोडा रागही आला होता तेव्हा, खरं सांगायचं तर.

आणि आता या माणसाचं उरलेलं एकमेव काम मी घालवलं. एका बोटाने.

७ मे, गुरुवार

पारनेरला जाऊन आलो. बाबा शांत करत होते आणि ज्ञानेश्वरीची सासू छबूबाई दारात कमरेवर हात ठेवून उभी. मला बघून, "ह्योच का त्यो मोबाईलवाला?" मी मान खाली घातली. "आमच्यात न्हाई चालत असला खेळ. लगीन हाय ते, शिनेमा न्हाई!" बरोबर बोलली बाई.

ज्ञानेश्वरीने चहा आणला. अजून हातावर मेंदी आहे. मी म्हटलं, "ताई, माफ कर. तुझ्या लग्नाचं मी हसं केलं."

तर ती हळूच विचारते, "दादा, गुरुजी बरे हायेत ना आता? त्या दिवशी सप्तपदीला लई रडत हुते. डोळ्याला धार लागल्ती. मला वाटलं, होमाचा धूर गेला."

"धूरच," म्हटलं. "वय झालं, सोसत नाही."

एसटीत बाबा खिडकीपाशी बसले. सुपा आलं, नगर आलं. नेवासा फाट्याला उतरताना माझ्या खांद्याचा आधार घेतला. तो पहिल्यांदाच घेतला.

९ मे, शनिवार

बाबांनी उरलेली तीन लग्नंही मावसकाकांना देऊन टाकली. मी ऐकलं फोनवर — "मला आता लग्नं नकोत. दहावे सांगत जा, ते करीन."

माझ्यामुळे. त्या एका रीलमुळे माणूस फक्त मेलेल्यांचा गुरुजी झाला.

जगावंसं वाटत नाही असं लिहिणार होतो. खोडतो. बाबांना एकटं ठेवून कुठे जाणार?

११ मे, सोमवार

सुनील केंद्रावर आला. म्हणाला, "आसं तोंड पाडून काय हुनार? खरा आवाज लावून टाक की परत! खाली लिही — चूक आमच्या पोराची, गुरुजींची न्हाई. लोकांला कळू दे गुरुजींनी मांडवात नीटच म्हनलं हुतं." एवढं साधं मला सुचू नये! कॉलर माईकची मूळ फाईल, पाऊण तासाची, असायलाच हवी. सुनीलने माझ्या फोनमधलं सगळं त्याच्या लॅपटॉपवर उतरवून घेतलं, शोधतो म्हणाला.

त्या भरात मावसकाकांना फोन केला. म्हटलं, तुम्हीच खाली चार शब्द लिहा. जानेवारीतलं घरातलं रेकॉर्डिंग चुकून लागलं, असं लिहा.

"घरातलं?" मावसकाका तडकले. "दहाव्याचं घरात म्हणतात का कधी? ते घाटावर! नृसिंह देवघरात बसून असलं रेकॉर्ड करणार? तुला एवढंही माहीत नाही?"

नाही. मला एवढंही माहीत नाही.

पण मग आयुष्यात पहिल्यांदा 'बाबा २' उघडली. सत्यनारायणाची पूजा! पहिल्यापासून शेवटपर्यंत सत्यनारायण. 'बाबा १' मध्ये मंगलाष्टकं. दहाव्याचं कुठेच नाही.

मग मी रीलवर लावलं काय होतं?

१२ मे, मंगळवार

सुनीलने फाईल काढून दिली. केंद्राच्या मागे उभा राहून एकट्याने ऐकली.

बँड. ताटांचा आवाज. "वरण आणा रं!" आणि सगळ्याच्या खाली बाबा. पहिलं पाऊल, दुसरं, तिसरं, सहावं. सातव्याशी थांबले. सातव्या पावलाला नवरा-बायको सखे होतात, असं ते दर लग्नात समजावून सांगतात. बँड वाजतच होता. बाबांनी श्वास घेतला आणि दहाव्याचं म्हणायला लागले. तेच अठ्ठावीस सेकंद. त्याच्या पुढचं मी कापलं होतं. पुढे आमचं गोत्र आहे. मग नाव.

लीना.

आवाज चुकला नव्हता. मी फक्त गोंगाट काढला होता. तुझं नाही चुकलं, असं बाबा म्हणाले ते खरंच सांगत होते.

सुनीलला म्हटलं, फाईल खराब निघाली. चूक माझीच होती. आता काही टाकायचं नाही.