लांबून नेलेली वायर

तात्या, दुकानाच्या गच्चीवरची आपली केबलची छत्री काल उतरवली. तुम्ही गेल्यापासून इतकी वर्षं तिच्यात नुसता पाला साठत होता. उतरवताना हात थांबला, म्हणून हे लिहायला बसलो.

बारामतीचं कॉलेज मध्येच सोडून मी इंदापूरला परत आलो, तेव्हा तुम्ही शिव्या घातल्या नाहीत. टीव्ही दुरुस्ती मागं सारून तुम्ही नुकतीच केबल सुरू केली होती. वायरचं भेंडोळं माझ्या खांद्यावर टाकलंत. ज्याच्या घरावरून वायर जाईल त्याला आधी विचारायचं, त्याच्या घरचा चहा घ्यायचा, हा तुमचा नियम. मी मात्र सरळ रस्ता सोडून वायर एका मुलीच्या गल्लीतून फिरवली. काही ना काही निमित्त काढून तिच्या गच्चीवर चढायचो. वायर लांबली, तशा पुढच्या घरांत टीव्हीवर मुंग्या दिसायला लागल्या. तुम्ही मध्ये सिग्नल वाढवायला एक बूस्टर बसवलात. मला वाटलं, तुम्हाला काही कळलं नाही.

केबल निम्म्या गावात पोचली आणि पुण्याची कंपनी आली. आम्हाला विका, नाहीतर शेजारून आमची वायर टाकतो, म्हणाली. तुम्ही सही केलीत. मी घर डोक्यावर घेतलं, पक्कड घेऊन त्यांनी गावापर्यंत आणलेली वायर तोडायला निघालो. तुम्ही म्हणालात, "एक तोडशील. ती उद्या जोडत्याल. मग?" मी पक्कड खाली ठेवली.

गावातल्या लग्नांच्या कॅसेट आपण आपल्या चॅनलवर लावायचो. तिच्या लग्नाची लावायचा शब्द तुम्ही तिच्या वडिलांना दिला होता, आणि तो दिवस नेमका ताबा द्यायचा निघाला. कंपनीची माणसं दारात उभी आहेत. "एवढं लगीन लागू द्या, मग न्या सगळं," तुम्ही त्यांना म्हणताय. कॅसेट मीच लावलीय. वडगाव निंबाळकरचा नवरदेव घोड्यावरून उतरतो, आणि मी उठून मेन वायर उपटायला हात घालतो.

"असू दे," तुम्ही म्हणता. "तिची सगळी गल्ली बघतीय." मग मान वर न करता, हळू, "वायर लांबनं का नेली, मला कळत न्हवतं व्हय? वाटलं व्हतं, व्हईल कायतरी. म्हून तर बूस्टर बसवला."

हे कुठं पाठवणार? घडी घालून दुकानातच ठेवतोय. एक तेवढं सांगायचं राहिलं. तुम्ही त्या माणसांना पाणी द्यायला उठलात, तेव्हा पडद्यावर रेघा आल्या होत्या, तिचा चेहरा फाटत होता. मी बटण फिरवून तो नीट केला.