घरच्या घरी डिग्री

सोमवार, ३ जून

१. जवळच्या कॉलेजात गृहविज्ञानाच्या पदवीसाठी माझा अर्ज गेला.
२. तो मी केलेला नाही. दादानं केला.
३. माझी सहीही त्यानंच ठोकली.
४. हे त्यानं जेवताना सांगितलं. मीठ मागावं तसं.

"अगं, घराला लागून कॉलेज! प्रात्यक्षिकंसुद्धा घरीच. स्वयंपाक, हिशेब, बाळाची देखभाल. घरच्या घरी डिग्री!"

वहिनीला दिवस गेलेत. म्हणजे बाळाची सोय आधी ठरली, कॉलेज मागून सापडलं.

मला लांबचं कॉलेज हवंय, गृहविज्ञानातच पण वस्त्र शाखा असलेलं. कापड तपासणीची पदविका आहे माझी. दोन वर्षं प्रयोगशाळेत कापडं ताणते, फाडते, जाळते. लहान मुलांचे कपडे किती वेगानं पेट घेतात, हे अजमावायची सोय फक्त त्या कॉलेजात आहे. पण वसतिगृहाला पालकाची, म्हणजे दादाची, सही लागते.

मंगळवार, ४ जून

"जाळायचंच आहे ना? मग घरी भाजी जाळ. तेवढं येतं तुला!" — दादा. वहिनी हसली. मी नाही.

गुरुवार, ६ जून

आईला म्हटलं, तू तरी बोल. "कुठंही गेलीस तरी काय उजेड पडणार आहे तो दिसतोच आहे."

बरं झालं, कळलं.

शनिवार, ८ जून

जवळचं कॉलेज पाहिलं. ओव्हनवरचं प्लास्टिकसुद्धा काढलेलं नाही. प्रयोगशाळा कुठाय विचारलं, तर तिथल्या बाई म्हणतात, "घर हीच प्रयोगशाळा!" आणि मार्क कोण देणार? "घरातलं वडीलधारं माणूस."

म्हणजे दादा! भाजीला दहापैकी चार!

घरी येऊन भांडले. शेवटी तो म्हणाला, "या जवळच्या कॉलेजनं नाही म्हटलं, तर तुझ्या त्या लांबच्यावर सही करतो. शब्द देतो." शब्द द्यायला त्याचं काय जातंय? ते कॉलेज कुणालाच नाही म्हणत नाही. बुधवारी तिथल्या बाई घर बघायला येणार.

बुधवार, १२ जून

बाई आल्या. दादानं माझं कौतुक केलं — जन्मात पहिल्यांदा! मग बाईंनी आईला विचारलं, "मुलगी घरात कशी आहे?"

"कामाची नाही," आई म्हणाली. "दूध उतू जात असलं, तर किती वेळात जातंय ते बघत बसते. हिच्या हाती तान्हं मूल मी तरी देणार नाही. उद्या काही झालं, तर नाव तुमच्या कॉलेजचं खराब होईल."

बाईंनी चहा अर्धाच ठेवला. "आम्हाला जमणार नाही."

दादा दार आपटून गेला. मी आईला म्हटलं, "इतकी वाईट आहे मी?"

ती कप विसळत होती. वळलीसुद्धा नाही.

"दादानं शब्द दिलाय ना? मग उभी काय राहिलीस? त्या लांबच्या कॉलेजची मुदत कधी संपते?"

गुरुवार, १३ जून

आई समोर उभी राहिली आणि दादानं सही केली. लांबच्या कॉलेजला पाठवलं, ते असं:

"गृहविज्ञान पदवी, वस्त्र शाखा. अर्ज व भावाच्या सहीचे संमतिपत्र सोबत जोडले आहे. वसतिगृहात जागा आहे का, ते सोमवार, १७ जूनपर्यंत कळवावे. फोन माझ्या आईच्या नंबरवर करावा."