पाणमांजराच्या पिल्लाचं गाणं

सोमवार
रोजनिशी लिहिणं मला मुळीच आवडत नाही. पण आधीचा संगीतकार काम अर्धवट टाकून गेला, कुठे काय ठेवलंय ते कुणाला कळेना. म्हणून निर्मात्याने रोज नोंद ठेवायची अट घातली. लिहिते.

स्टुडिओ छान आहे. भिंतींना जाड गालिचा, दार इतकं भक्कम की आत बोंब ठोकली तरी बाहेर ऐकू जाणार नाही. रेकॉर्डिस्ट गमत्या आहे. म्हणाला, बाई, इथे शिंकायचं असेल तरी आधी सांगा. पाणमांजराच्या पिल्लाच्या अ‍ॅनिमेशनपटाचा हा दुसरा भाग. हरवलेलं पिल्लू शेवटी आईला शोधून काढतं. पहिल्या भागात पिल्लाची गाणी माझ्या लेकीने पिल्लासारखा बारीक आवाज काढून गायली होती. ती गेल्या वर्षी गेली. घरात ती गुणगुणायची तीच चाल शेवटच्या गाण्याला घेतली आहे. बाकी रडारड कामाच्या जागी नको.

बुधवार
नवी गायिका आठ वर्षांची. मला आजी म्हणाली. मी सांगितलं, बाई म्हणायचं. तिची आई बाहेर बाकावर बसून असते, पोरीची पाण्याची बाटली मांडीवर घेऊन. पोर गोड, पण सूर पळतो. अशा वेळी दुसऱ्याने गायलेलं गाणं हेडफोनमध्ये लावतात, ते ऐकत ऐकत ती गाते. तो आवाज चित्रपटात जात नाही. ते मीच गायला हवं होतं. मी घरची जुनी कॅसेट लावली. लेक स्वयंपाकघरात गुणगुणते आहे, ती. तिच्या खऱ्या आवाजाची एवढी एकच.

शुक्रवार
आज कॅसेट बंद ठेवून अर्धं गाणं घेतलं. पोर अप्रतिम गायली. वरच्या सुराआधी लेक घ्यायची तोच छोटा श्वास. रेकॉर्डिस्टने विचारलं, हेडफोनमधला आवाज बंद करायला विसरलात का? बंदच होता.

रविवार
घरी कॅसेट लावली. भांड्यांची खळखळ आहे. गॅस बारीक कर म्हणून मी खेकसले होते, तेही आहे. लेकीचा आवाज अर्ध्यापर्यंत नाही. पोरीने जेवढं गायलं, नेमकं तेवढंच गेलं आहे.

सोमवार
पोरीची आई सांगत होती, घरी ही बोलतच नाही. दटावून झालं, लाडीगोडी झाली. तुमचं ऐकते ती, तुम्हीच बघा, म्हणाली.

दार लावल्यावर पोर बोलली. मला आई म्हणाली. तो आवाज — मी तिला जवळ घेतलं. बाई म्हण, असं सांगितलं नाही.

मंगळवार
आज हेडफोनशिवाय. गाता गाता मध्येच थांबून विचारते, गुडघा कसा आहे, गोळी घेतेस ना. माझा गुडघा हिला कुठून —

दाराच्या काचेपलीकडे तिची आई हाक मारत होती. नुसतं तोंड हलताना दिसलं. पोरीने पाहिलं. ओळखलं नाही.

बुधवार
एकच ओळ राहिली. ती गायली की लेक पूर्ण येईल. आणि ही पोर —

म्हणते, आई, पटकन गाऊन टाकते ना.

बाहेर ती बाई बाटली घेऊन उभी.

कॅसेट पुसली. पोरीचं रेकॉर्डिंगही, सगळं. नको ना गं, नको ना, म्हणत होती. मी बटण दाबून धरलं.

गुरुवार
रेकॉर्डिस्टच्या स्वाधीन : वाद्यांचं रेकॉर्डिंग, गाण्याविना. स्टुडिओची किल्ली.

पोर तिच्या आईच्या स्वाधीन. भोकाड पसरलं तिने, स्वतःच्या आवाजात. आई तिला चापट मारत होती, मुके घेत होती. मला म्हणाली, बाई, तुमचे उपकार —

माझ्याकडे : कोरी कॅसेट. मघापासून आठवून पाहते आहे. चाल येते. शब्द येतात. आवाज तेवढा —